उताऱ्याबाहेरचं पाखरू

माझ्या मोठ्या साडूंनी जन्मात एकही गोष्ट नुसती वाचली नाही, आणि दुसऱ्या कोणाला नुसती वाचू दिली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणत आलो. हिंदी मुलखात गेलेल्या आमच्या बालाघाटच्या एका शाळेत ते हिंदी शिकवायचे. मुलांनी कधी न पाहिलेला एक उतारा पेपरात छापायचा, खाली प्रश्न घालायचे आणि वाचलेलं पोराला समजतं की नाही ते पाहायचं, हा त्या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित कोपरा. इतर मास्तर तो उतारा जुन्या गाईडातून उचलायचे. भाऊजी मात्र स्वतः लिहायचे, त्यावर आठवडाभर घासाघीस करायचे, आणि परीक्षा संपली तरी त्यांचं मन त्यातून निघायचं नाही. होता होता त्यांना साऱ्या छापील जगाखालीच प्रश्न दिसू लागले. औषधाच्या बाटलीवरची सूचना, बसच्या तिकिटामागचे नियम, भिंतीवर रंगवलेली कीटकनाशकाची जाहिरात, कशाहीसमोर ते थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि सोबतच्या माणसाला विचारत, "काय समजलं?"

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा नव्या जावयाला चहाच्या आधी वर्तमानपत्राचा अग्रलेख मिळाला. वाचून झाल्यावर भाऊजी म्हणाले, "शीर्षक झाकलं आहे. तुम्ही सुचवा." मी सिंचाई खात्यातला बाबू. फायलीवर विषय लिहायची सवय. म्हटलं, "महागाई." त्यांनी दुःखानं मान हलवली. "हा विषय झाला, जावईबापू. शीर्षक नाही झालं." पुढं अनारसे वाढतानाही त्यांच्या चेहऱ्यावर मेहुणी चुकीच्या घरी दिल्याची कळा होती.

एकदा खैरलांजीकडचे एक नातेवाईक मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. भाऊजींनी ती पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली आणि परत त्यांच्याच हातात दिली.

"तुम्ही स्वतः वाचली का ही?"

"मले वाचाची काय गरज? घरचंच लगन हाय."

"लग्न कुठे आहे?"

"आमच्या अंगणात. आणखी कुठं असंल?"

भाऊजींनी ओळीवर बोट ठेवलं. पत्रिकेत वारासिवनीचं मंगल कार्यालय छापलं होतं. मुलीकडच्यांनी ठिकाण बदलून परस्पर पत्रिका छापून घेतल्या होत्या, आणि हा वरबाप दोन दिवसांपासून साऱ्या मुलखाला स्वतःच्या अंगणात बोलावत फिरत होता. पाण्याचा पेला तसाच ठेवून त्यानं मोटरसायकलला किक मारली. भाऊजी दारात उभे राहून त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "वाचतात सगळे. समजतंय कोणाला?"

पण त्यांचा खरा जीव होता चित्रांवरच्या उताऱ्यात. स्वतःला रेघ ओढता येत नव्हती. फळ्यावर त्यांनी काढलेली गाय बाजेसारखी दिसायची. तरी दर परीक्षेला उतारा एखाद्या चित्राबद्दलच असायचा. मी एकदा विचारलं, हा हट्ट काहून म्हणून. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "शेतीवर उतारा द्या, पोरगं बापाला आठवून लिहितं. क्रिकेटवर द्या, टीव्हीतून लिहितं. चित्राबद्दल या जिल्ह्यात कोणाला काही माहीत नाही. म्हणजे बेट्याला वाचूनच लिहावं लागतं." या न्यायानं त्यांनी एका वर्षी पिवळं आकाश रंगवणाऱ्या एका चित्रकारावर उतारा लिहिला. त्याच्या लहानपणी मळणीच्या धुळीत संध्याकाळ पिवळी दिसायची, ती तो विसरू शकला नाही, असं त्यात साफ लिहिलं होतं. प्रश्न होता, चित्रकारानं आकाश पिवळं का रंगवलं? कोणी लिहिलं, निळा रंग संपला होता. कोणी लिहिलं, त्याला कावीळ झाली होती. एकानं तर चित्रकाराला मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर नेऊन बसवलं आणि सगळा दोष तिथल्या धुळीला दिला. त्या मुलाचे वडील खाणीवरचे ठेकेदार. ते तणतणत शाळेत आले. "सर, आसमान पीला? ये कोर्स में है क्या?" भाऊजींनी त्यांना बाकावर बसवलं, समोर पेपर ठेवला. "आप पढ़िए. फिर बात करते हैं." ठेकेदारांनी घाम पुसत वाचलं आणि बराच विचार करून सांगितलं की माल हलका असेल, ऊन लागून निळ्याचा पिवळा झाला असेल. भाऊजींनी त्यांनाही शून्य दिलं.

या प्रश्नांना एकच माणूस दाद देत नसे, ते म्हणजे ताई, त्यांची बायको. ताईंचं माहेर खैरलांजीकडचं खेडं. शाळा जेमतेम. सकाळी भाऊजी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि बातमी संपली की स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "काय समजलं?" ताई कधी गप्प बसायच्या, कधी म्हणायच्या, "तुमचं तुम्हीच सोडवा, माही भाजी करपून राह्यली." साऱ्या संसारात त्यांनी एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. भाऊजी त्याला उत्तरपत्रिका कोरी ठेवणं म्हणत. ते बोलायचेही ठरवून 'मला', 'तुला', पुस्तकातल्यासारखं. ताई, माझी बायको, आम्ही सगळे 'मले', 'तुले'वाले. त्या घरात दोन भाषा एकाच ताटात जेवत होत्या आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

मग थंडीतली ती सकाळ आली. ताई अंगणात उन्हाला बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. भाऊजी खुर्चीवर पेपर वाचत होते. कान्ह्याच्या जंगलाकडून बिबट्या गावात शिरल्याची बातमी त्यांनी वाचली आणि सवयीनं विचारलं, "काय समजलं?" उत्तर आलं नाही. ते कधीच येत नसे. त्यांनी पान उलटलं, पुढची बातमी वाचली, तिच्यावरही प्रश्न विचारला. सूप घसरून तांदूळ फरशीवर पसरल्याचा आवाज आला तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली. ताईंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. किती वेळापासून, ते भाऊजींना सांगता येईना. पुढं कितीतरी दिवस ते मला म्हणत, "ती कोरी उत्तरपत्रिका नव्हती हो. मी समजलोच नाही."

गाडी करून आम्ही सीमेवरचं राजेगाव मागं टाकत गोंदियाला गेलो. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि भाषा गेली. भाषेतला एकच शब्द मागं राहिला, 'हौ'. पाणी पाहिजे? हौ. नको? हौ. दुखते का? हौ. रायपूरहून त्यांची मुलगी धावत आली. लहानपणापासून हिंदीतच वाढलेली. ती आईचा हात धरून विचारत राहिली, "मम्मी, मैं कौन हूँ? पहचाना?" ताई म्हणाल्या, "हौ." मुलीचा चेहरा उजळला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं शेजारच्या नर्सकडे बोट केलं. "और ये तुम्हारी बेटी है?" ताई तितक्याच मायेनं म्हणाल्या, "हौ." मुलगी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. भाऊजी तिच्याजवळ गेले आणि समजूत काढण्याऐवजी म्हणाले, "तुझा प्रश्न चुकीचा आहे. हो-नाहीचा प्रश्न इथे चालत नाही. त्यानं परीक्षा होत नाही." मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता. पण त्या माणसाजवळ दुःख करायला दुसरी भाषाच नव्हती.

दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की ऐकू येतं आहे, पण समजतं किती हे हळूहळू कळेल. लहान लहान वाक्यं वाचून दाखवा, चित्र समोर धरा, बोटानं दाखवायला सांगा. भाऊजींनी हे ऐकलं आणि त्यांच्या अंगात जीव आला. बालाघाटला परतल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते दारामागं टांगलेलं चित्र उतरवण्याचं. निवृत्तीच्या निरोप समारंभात शाळेनं ते दिलं होतं. गोंडी चित्र. एक हरीण, त्याच्या शिंगांतून वाढलेलं मोठं झाड, झाडाखाली बसलेली बाई, तिच्याजवळ मडकं, आणि सगळीकडे बारीक ठिपके नि रेघा. ताईंना ते कधी आवडलं नव्हतं. "हरणाच्या डोक्श्यावर कुठं झाड उगवते का?" म्हणून त्यांनीच ते दारामागं टांगलं होतं. आता ते पलंगासमोर खुर्चीवर उभं राहिलं.

भाऊजींनी मराठीत लिहिलेला तो पहिला उतारा. मी तिथंच होतो. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं, "प्रस्तुत चित्रात एक डौलदार मृग दृष्टीस पडतो. त्याच्या शृंगांतून एक विशाल वृक्ष प्रकट झाला आहे." ताई पंख्याकडे पाहत होत्या. "मृग कुठे आहे? बोट ठेव." हौ. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. ते वाक्यं लहान करत गेले, पण मृग काही हलेना. भाऊजींची दाढी वाढली. जेवायला बसले की ताटाकडे बघत राहत. एका दुपारी ते मला म्हणाले, "संपलं. काहीच समजत नाही तिला." आणि ते वाक्य ताईंच्या समोर, मोठ्यानं म्हणाले.

माझी बायको ताईंचे केस विंचरत होती. ती सहसा भाऊजींना उलटून बोलत नाही. फणी खाली न ठेवताच म्हणाली, "भाऊजी, राग नका मानू. हे मलेबी नाही समजून राह्यलं. मृग म्हणजे आमच्याकडं नक्षत्र. ताईले तिच्या बोलीत सांगा ना."

"बोलीत उतारा?" भाऊजी म्हणाले. "वर्गात एखाद्या पोरानं घरची बोली लिहिली की मी लाल शाईनं गोल करत आलो."

"इथं कुठं वर्ग हाय?"

भाऊजी उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता काही दिवस अबोला. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ते कागद घेऊन पलंगाजवळ बसले होते. त्यांनी जरा शरमत, आवाज खाली करून वाचायला सुरुवात केली. "हे एक हरीण हाय. त्याच्या शिंगातून झाड निंघालं. झाडाखाली एक बाई बसली. तिच्यापाशी पाण्याचं मडकं हाय." ताईंची नजर पंख्यावरून खाली आली. नवऱ्याच्या तोंडून असलं काही त्यांनी जन्मात ऐकलं नसेल. भाऊजींनी विचारलं, "बाई कुठं बसली? बोट ठेव." बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावा हात उचलला गेला, लटपटत पुढं आला आणि बोट झाडाखालच्या बाईवर टेकलं. "झाड कुठून निंघालं?" बोट सरकत सरकत शिंगांवर गेलं. भाऊजींनी कागदाची घडी केली, मोरीत गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ चष्मा धूत राहिले.

त्यानंतरचे महिने म्हणजे त्यांच्या आयुष्यातला उत्तम काळ होता, असं म्हटलं तर लोकांना विचित्र वाटेल. बायको पलंगावर, घर औषधांच्या वासानं भरलेलं, मुलगी रायपूरहून फोन करून 'दोघं इकडे या' म्हणून विनवणारी. आणि हे दर दुपारी त्याच एका चित्रावर नवा उतारा तयार ठेवणार. शब्द कमी पडू लागले तसे ते भाजीबाजारात जाऊन उभे राहत. खेड्यांवरून आलेल्या बायांसमोर कागद-पेन्सिल घेऊन विचारत, "मावशी, झाडाच्या या बारक्या फांदीले तुमच्याकडं काय म्हणतात?" बायांना वाटायचं, मास्तराचं डोकं फिरलं. एकीनं मला सांगितलंसुद्धा, "वांगे घेत नाही, नुसते शबद घेऊन जाते थो बुढा." त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातलं 'मला' कधी गळलं आणि 'मले' कधी आलं, ते त्यांनाही कळलं नाही.

तरी आतला परीक्षक स्वस्थ बसेना. ताई अंदाजानं तर बोट ठेवत नाहीत ना, अशी शंका त्यांना छळायची. म्हणून एका दुपारी त्यांनी फसवा उतारा लिहिला. "या चित्रात एक हत्ती हाय. लय जाडा हाय. कुठं हाय थो? बोट ठेव." ताईंनी चित्र पाहिलं. वरून खालपर्यंत, सावकाश. मग भाऊजींकडे पाहिलं. हात उचलला आणि बोट नेमकं भाऊजींच्या पोटावर ठेवलं. त्यांचा अर्धाच चेहरा हसू शकत होता, तेवढा हसला. ही हकीकत भाऊजींनी साऱ्या बालाघाटला सांगितली. दूधवाल्याला सांगितली, माझ्या खात्यातल्या साहेबांना रस्त्यात अडवून सांगितली. प्रत्येक वेळी शेवटी ते म्हणायचे, "पूर्ण गुण. पैकीच्या पैकी."

पोळा तोंडावर आला असताना ताईंना दुसरा झटका आला. या वेळी गोंदियापर्यंत पोचलो, पण ताईंना जिवंत परत आणता आलं नाही.

दिवसवार झाले, मुलगी परत गेली. तिनं बरोबर चला म्हणून फार आग्रह केला, भाऊजी गेले नाहीत. आणि त्यांनी प्रश्न विचारणं बंद केलं. एवढं सांगितलं तर कोणी म्हणेल, चला, सुटले सगळे. पण ज्यांनी त्यांना ओळखलं होतं त्यांना त्याचीच भीती वाटायला लागली. पेपर रबर लावलेला तसाच टेबलावर पडायचा. आम्ही गेलो तर या म्हणायचे, बसा म्हणायचे, मग गप्प. बायको घरी येऊन म्हणायची, "भाऊजी काईच नाही विचारत हो. मले करमत नाही तिथं."

धानाची कापणी सुरू झाली होती, त्या दिवसांतली गोष्ट. रविवारी आम्ही गेलो. चित्र अजून खुर्चीवरच होतं, समोरचा पलंग मात्र उचलून ठेवला होता. बायकोनं चहा केला. कप हातात घेऊन भाऊजी अचानक बोलू लागले, चित्राकडे पाहतच.

"जायच्या आधीची गोष्ट हाय. मी उतारा वाचाच्या आधीच तिनं बोट ठेवलं. इथं." त्यांनी उठून दाखवलं. चौकटीला अगदी लागून, कोपऱ्यात, ठिपक्यांच्या गर्दीत एक पाखरू होतं. अंगठ्याच्या नखाएवढं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. "बोट ठेवलं आन् माह्याकडं पाहत राह्यली. मी म्हटलं, काय? तर हौ. मी म्हटलं, आधी उतारा तर आयक. पाखराचं यात काईच नाही. आन् तिचं बोट उचलून मीच बाईवर ठेवलं." ते खाली बसले. "रोज इचार करतो. माहेरी जायचं म्हणत असंल का? पोरीले बोलवा म्हणत असंल? का तिले समजलं होतं, का आता जायाचं हाय? तू तिची बहीण. तुले काय वाटते?"

बायको कप ठेवून चित्राजवळ गेली. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

"भाऊजी, तिले काई म्हणायचं नसंल," ती म्हणाली. "तिले पाखरू दिसलं. तुमाले दाखवत असंल. पाहा म्हणत असंल, बस."

"बस?"

"आणखी काय?"

भाऊजी पुन्हा उठले. चष्मा कपाळावर सारून चित्राच्या इतके जवळ गेले की नाक काचेला लागलं. तसेच वाकून राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "मी लिहिलं होतं तेवढंच पाहून राह्यलतो."

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी चपला घातल्या. "थांबा, चौकापर्यंत येतो." कितीतरी दिवसांनी ते घराबाहेर पडत होते. ऊन उतरायला लागलं होतं. सलूनच्या दारात एक माणूस अर्ध्या गालाला फेस लावलेला, गळ्यात टॉवेल, फोनवर कोणाशी तरी तावातावानं भांडत होता. भाऊजी थांबले आणि त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मी सवयीनं प्रश्नाची वाट पाहिली. प्रश्न आला नाही. ते चालू लागले. पुढं एका घराच्या ओट्यावर धान वाळत घातलं होतं आणि राखणीला बसलेली म्हातारी काठी हातात धरून गाढ झोपली होती. तिथंही ते थांबले, बोट दाखवलं, आम्ही पाहिलं याची खात्री केली आणि चालू लागले. बायको त्यांच्या बोटामागं पाहायची आणि दर वेळी "हो ना" म्हणायची.

चौकात रिक्षा मिळाली. बसताना मी म्हटलं, रविवारी येतो. त्यांनी मान हलवली. रिक्षा वळली तेव्हा मी मागं पाहिलं. भाऊजी चौकाच्या कडेला तसेच उभे होते, मान जरा वर, हात अर्धवट उचललेला, कुठंतरी वर बोट दाखवत. शेजारी कोणी नव्हतं. काय दाखवत होते ते रिक्षाच्या टपामुळं मला दिसेना. बायको बाहेर वाकून, चौक दिसेनासा होईपर्यंत, तिकडंच पाहत राहिली.